मनाची गोळी चालू असताना झोपेसाठी काय घ्यावं?

प्रश्न: नमस्कार मॅडम. वय ५७, राहणार सातारा. मिस्टर गेल्यावर मनाने फार खचले होते. मुलाने आग्रह करून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केली, त्याला आता दोन महिने होतील. रडू थांबलं, जेवण जातं, भजनी मंडळातही परत जायला लागलेय. पण झोप उडालीय. दहाला अंग टाकते आणि एक-दीडपर्यंत छताकडे बघत पडते. पायही रात्री स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, वयाचं असेल. बीपीची गोळी सकाळी घेते, टेल्मिसार्टनची, नावापुढे ‘एच’ आहे. मनाची गोळी रात्री जेवणानंतर. भाची न्यूजर्सीला असते. तिने दोन बाटल्या पाठवल्यात, एक ‘पीएम’ लिहिलेल्या गोळ्यांची आणि एक १० मिलिग्रॅमच्या मेलाटोनिन गमीची. म्हणते, तिकडे किराण्याच्या दुकानात मिळतं, चिठ्ठीही लागत नाही. शेजारच्या वहिनी त्यांच्या अल्प्राझोलाममधली अर्धी देते म्हणतात. जाऊबाई म्हणतात, दुधात जायफळ उगाळून घे. डॉक्टरांकडे परत गेले तर आणखी एक गोळी वाढवतील अशी भीती वाटते. यातलं सुरक्षित काय?

उत्तर: नमस्कार. पत्र नीट लिहिलंत, गोळ्यांची नावं आणि वेळा दिल्यात, त्यामुळे नेमकं बोलता येईल. आज रात्रीपुरतं सांगायचं तर दोन्ही बाटल्या आणि वहिनींची अर्धी गोळी बाजूला ठेवा. मनाची गोळी मात्र झोपेसाठी म्हणून परस्पर बंद करू नका. ती एकदम थांबवली की चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड आणि वर झोपेचीच बोंब, असं सगळं होऊ शकतं. शिवाय दोन महिन्यांत जे सावरलंय ते घसरायची भीती.

मेडिकलच्या काउंटरमागे मी बरीच वर्षं काढली आहेत. ‘झोपेसाठी साधंसं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, सध्या काय काय चालू आहे आणि किती वाजता घेता? कारण झोपेची गोळी एकटी कधीच पोटात जात नाही. ती तुमच्या आधीच्या गोळ्यांमध्ये जाऊन बसते.

तुमची एस्सिटॅलोप्राम रात्रीच्या जेवणानंतर आहे, तिथूनच सुरुवात करू. ही गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते, सकाळी किंवा संध्याकाळी, दोन्ही चालतं. काहींना तिने गुंगी येते, ते रात्री घेतात. काहींची उलट झोप उडते, आणि ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही, साधारण दहातल्या एकाला होते. झोप उडणाऱ्यांना डॉक्टर बहुतेक वेळा ती सकाळी घ्यायला सांगतात. तिचा अंमल कमी होईल अशी भीती नको. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच तीस तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे वेळ बदलली म्हणून मनावरचा परिणाम जात नाही. हा बदल कसा करायचा, मधली एक रात्र सोडायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. रात्री एक आणि लगेच सकाळी एक असं मात्र करू नका.

म्हणजे बघा, ज्या भेटीत गोळी वाढेल म्हणून तुम्ही घाबरताय, तिथे कदाचित नुसतं घड्याळ बदलून काम होईल.

आता तुमच्या पत्रातलं ‘वयाचं असेल’ म्हणून तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य. माझ्या मते सगळ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं तेच. संध्याकाळनंतर, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर पायांत विचित्र हुळहुळ होते, हलवले किंवा चार पावलं चाललं की बरं वाटतं, परत पडलं की परत सुरू. असंच होतं का? होत असेल तर त्याला ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हणतात, आणि तो वयाचा दोष नाही. शरीरातलं लोह कमी असेल तर हे होतं, आणि तुम्ही घेताय त्या जातीच्या गोळ्यांनीही काहींना सुरू होतं किंवा वाढतं. पायांचा त्रास गोळीच्या आधीपासून होता की नंतर आला, हे आठवून ठेवा. डॉक्टर नक्की विचारतील. आणि अस्वस्थपणा फक्त पायांत, फक्त रात्री नसून दिवसभर एका जागी बसवत नाही, आतून नुसती तगमग होते असं असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. तो प्रकार वेगळा आहे आणि तो अंगावर काढायचा नसतो.

पायांचं इतकं लावून धरतेय, कारण त्यावरून भाचीच्या पहिल्या बाटलीचा निकाल लागतो.

‘पीएम’ची बाटली उलटी करून मागची चौकट वाचा. बहुतेक सगळ्या पीएम गोळ्यांत झोपेचं औषध एकच असतं, डायफेनहायड्रामिन. हे मुळात अ‍ॅलर्जीचं जुनं औषध. गुंगी आणतं, म्हणून अमेरिकेत झोपेसाठी चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. आपल्याकडे बेनाड्रिलसारख्या खोकल्याच्या औषधात तुम्ही ते चमच्याने घेतलेलंही असेल. आणि पाय वळवळण्याचा त्रास ज्या औषधांनी हमखास वाढतो, त्यांत हे येतं. म्हणजे डोळ्यांवर गुंगी आणि पायांत थयथयाट, अशी रात्र निघेल. कोणी मेडिकलमधून अ‍ॅव्हिल आणून दिली तरी गोष्ट तीच, तीही त्याच जुन्या जातीची.

पायांचा त्रास नसता तरी मी ही बाटली तुम्हाला सुचवली नसती. या औषधाची गुंगी तीन-चार रात्रींत बोथट होते. शरीर सरावतं, मग माणूस एकाच्या दोन करतो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, सकाळी जड डोकं हे मात्र सुरू राहतं. काचबिंदूच्या एका प्रकारात आणि प्रोस्टेट वाढलेल्यांना तर हे त्रासाचंच. पासष्टीपुढच्यांना ही औषधं शक्यतो देऊ नयेत असं अमेरिकेतल्याच वृद्धोपचार तज्ज्ञांच्या यादीत वर्षानुवर्षं छापलेलं आहे, कारण त्यांनी गोंधळ उडतो, तोल जातो. तुम्ही पासष्टीच्या नाहीत, मान्य. पण रात्री बाथरूमला उठताना घसरायला पासष्टी लागत नाही. शिवाय एस्सिटॅलोप्राम हृदयाच्या ठोक्यांमधला विजेचा एक टप्पा थोडा लांबवते, आणि डायफेनहायड्रामिनही जास्त मात्रेत तेच करतं. तुमच्या मात्रेला हा धोका लहान आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण बीपीच्या गोळीतल्या ‘एच’मुळे रक्तातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं आणि तेही याच बाजूला भर घालतं. तीन लहान गोष्टी एकत्र करायच्याच कशाला?

आणि त्याच गोळीत दुसरं काय भरलंय, तेही बघा. ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ लिहिलं असेल तर ते आपलं पॅरासिटामॉल. नेहमीच्या दोन गोळ्यांत मिळून ते १००० मिलिग्रॅम असतं. गुडघा दुखतो म्हणून दिवसा क्रोसिन किंवा डोलो घेतलेली असेल तर बेरीज कुठे जाते ते लक्षातही येत नाही. आणि चौकटीत आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन असेल, काही पीएम गोळ्यांत ते असतं, तर ती बाटली तुमच्या घरात नकोच. मनाच्या या गोळ्यांबरोबर ही वेदनाशामकं घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि बीपीही वर जातं.

एक गंमत सांगते, जी खरं तर गंमत नाही. त्याच बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की झोप न येण्याचा त्रास सलग दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर डॉक्टरांना भेटा. तुमचा दोन महिन्यांचा आहे. म्हणजे ज्या किराण्याच्या दुकानातून ती आली, तिथल्या नियमानेसुद्धा ती तुमच्यासाठी नाही.

मेलाटोनिनचं तसं नाही. दोन्हींत निवडच करायची तर मी मेलाटोनिनच्या बाजूने बोलेन, पण या बाटलीच्या नव्हे. मेलाटोनिन हे आपल्याच शरीरात अंधार पडला की तयार होणारं संप्रेरक. ते माणसाला पाडत नाही, रात्र झाल्याची वर्दी देतं. विमानाने इकडून तिकडे गेल्यावर किंवा झोपेची वेळ भलतीच पुढे सरकली असेल तर त्याचा उपयोग चांगला. नुसत्या निद्रानाशात परिणाम बेताचा. बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब सांगतो की झोप लागायचा वेळ सरासरी सातेक मिनिटांनी कमी होतो. युरोपात पंचावन्नच्या पुढच्यांसाठी हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी मान्य आहे, आणि तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक आठवड्यांपुरती. तुमच्या गमीत १० आहे. जास्त घेतलं म्हणजे जास्त झोप लागते असा याचा हिशोब नसतो. सकाळी सुस्ती आणि विचित्र स्वप्नं मात्र वाढतात.

त्यात अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून विकलं जात नाही, पूरक आहार म्हणून जातं. तिथे २०२३ साली पंचवीस प्रकारच्या गमी तपासल्या, त्यांतल्या बावीसांत खोक्यावरचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. एकीत तर लिहिलेल्याच्या साडेतीनपटीच्या जवळ निघालं, आणि एकीत मेलाटोनिनच सापडलं नाही. झोपेच्या काही गमींत मेलाटोनिनसोबत ‘५-एचटीपी’ किंवा ट्रिप्टोफॅन घातलेलं असतं. ते असेल तर अजिबात नको. या दोन्हींपासून शरीरात सेरोटोनिन (मेंदूत निरोप नेणारं एक रसायन) बनतं आणि तुमची गोळी त्याच सेरोटोनिनवर काम करते. ‘सेंट जॉन्स वर्ट’ नावाची वनस्पती मूड सुधारण्यासाठी विकतात, तिलाही हाच नियम.

नुसत्या मेलाटोनिनचं एस्सिटॅलोप्रामशी मोठं भांडण नाही. म्हणून गोळी सकाळी केल्यावरही झोप रुळली नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा की कमी मात्रेचं मेलाटोनिन थोडे दिवस चालेल का. इतर वाचकांसाठी मात्र एक सूचना. ज्यांना फ्लुवोक्सामाइन चालू आहे (ओसीडी म्हणजे मंत्रचळासाठी ती बऱ्याच जणांना असते) त्यांच्या रक्तात मेलाटोनिन कित्येक पटींनी वाढतं. त्यांनी हात लावू नये. आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी जुन्या पद्धतीची गोळी रात्री घेणाऱ्यांनी वरची पीएम गोळी तर विचारातही घेऊ नये. तोंड कोरडं, लघवी अडणं, गोंधळ हे सगळं दुप्पट होतं.

खोकल्याच्या औषधाने छान झोप लागते, असं म्हणत रात्री चमचाभर घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं का, ते बघितल्याशिवाय मनाची गोळी घेणाऱ्यांनी ते घेऊ नये. दोन्हींनी मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. मग घाम, थरथर, छातीत धडधड, जुलाब, अंग ताठणं, ताप, बडबड. असं झालं तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. भाचीने पुढच्या खेपेला नायक्विल नावाची बाटली पाठवली तर त्यातही हे असतं, म्हणून आताच सांगून ठेवते.

वहिनींच्या अर्ध्या गोळीबद्दल. अल्प्राझोलाम वाईट औषध नाही. मनाची गोळी लागू पडेपर्यंतच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टर ती कधी कधी स्वतःच देतात, मोजून आणि कधी बंद करायची ते सांगून. अडचण ‘कधी बंद’ हीच. शेजारून आलेल्या गोळीवर ती तारीख नसते. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते, आणि सोडायला गेलं की झोप आधीपेक्षा वाईट होते. उगाच नाही २०१४ पासून ती एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दिली की दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची. वहिनींना दुखवू नका, ‘डॉक्टरांनी दुसरं काही घेऊ नका म्हणून सांगितलंय’ म्हणा. एवढं खोटं चालतं.

जाऊबाईंचं जायफळ? सहाणेवर दोन वळसे दुधात उगाळून घेतलंत तर घ्या. त्याने किती झोप येईल कोण जाणे, पण श्रीखंडात आणि पुरणात जातं तेवढ्याने काही बिघडत नाही. दूध कोमट, बाई शांत बसलेली, दिवा मंद, त्याचाही गुण असेलच. मात्र वळशांचं अर्धं जायफळ होऊ देऊ नका. पाचेक ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक अख्खं फळ, पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम असा खरा विषार होतो. अश्वगंधा, तगर, जटामांसी यांच्या कॅप्सूल वेगळ्या. ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून आणू नका. त्यांचीही गुंगी चढते, आणि अश्वगंधेने थायरॉइडचं गणित बदलल्याच्या, क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. घ्यायचीच तर वैद्यांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दोघांनाही दुसऱ्याचं औषध सांगून.

त्या ‘एच’वर परत येते. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषध. ते आणि एस्सिटॅलोप्राम एकत्र असली की काहींच्या, विशेषतः वय वाढलेल्या बायकांच्या, रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, विसरायला होणं, चालताना झोक जाणं, यांतलं काही असेल तर ते ‘झोप नाही म्हणून’ असं धरून बसू नका. तक्रार नसली तरी सोडियम-पोटॅशियम एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. एरवी कधीही होणारी साधी रक्ततपासणी आहे. त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही होऊन जाईल. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, तो पायांसाठी. हिमोग्लोबिन बरं असूनही साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीआधी परस्पर सुरू करू नका.

डॉक्टरांना पाय सांगणं का टाळायचं नाही, याचं अजून एक कारण आहे. झोपेसाठी सोबत गोळी द्यायची वेळ आलीच तर बरेच डॉक्टर मिर्टाझापिनचा विचार करतात. मनालाही बरी, झोपही आणते. पण पाय वळवळणं तिनेच सर्वांत जास्त वाढतं. तुम्ही ‘झोप येत नाही’ एवढंच म्हणालात तर ती लिहिली जाऊ शकते. ‘पाय स्वस्थ राहत नाहीत’ म्हणालात तर त्यांचा पेन दुसरीकडे वळेल.

बिनगोळीचं काय, तर सगळ्यांना माहीत असलेली यादी मी वाचत बसत नाही. दुपारी चारनंतरचा चहा सोडा, भजनाहून आल्यावरचासुद्धा, आणि दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे नको. पण एक गोष्ट तुमच्या पत्रावरून सांगते. झोप एकला लागते आणि तुम्ही दहाला आडव्या होता. रोज तीन तास अंथरुणात जागं राहायचा सराव चाललाय तुमचा. अंथरुण म्हणजे छताकडे बघायची जागा, असं शरीर शिकून बसतं. दहाला पडू नका. बारापर्यंत बाहेरच्या खोलीत बसा, काहीतरी हातात घ्या, टीव्ही नको. पापण्या जड झाल्या की मगच जा. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून परत बाहेर या. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा वाईट जातो, चिडचिड होते. झोप जुळायला लागली की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. हे घरगुती शहाणपण नाही, निद्रानाशासाठीच्या सीबीटी नावाच्या उपचाराचा हा कणा आहे. जुनाट निद्रानाशात सगळ्यात आधी हाच उपचार द्यावा, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये लेखी सांगितलंय. साताऱ्यात शिकवणारं कोणी मिळालं नाही तरी पुण्या-मुंबईचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हिडिओ कॉलवर सहा ते आठ बैठकांत शिकवतात.

मिस्टरांच्या आठवणीने एखादी रात्र फारच जड गेली, जगणं नको वाटलं, तर मुलाला उठवा. आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांना काय सांगायचं, ते तुमच्या वतीने मीच लिहून देते. असाच्या असा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, किंवा मुलाला वाचून दाखवायला सांगा:

‘डॉक्टर, एस्सिटॅलोप्राम १० रात्री घेतेय, मन बरं आहे. झोप एक-दीडला लागते. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. गोळी सकाळी घेऊ का, आणि बदल कसा करू? सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासू का? घरी ‘पीएम’च्या गोळ्या (बहुधा डायफेनहायड्रामिन) आणि १० मिलिग्रॅमचं मेलाटोनिन आलंय, अजून काही घेतलेलं नाही.’